दाराजवळची पाहुणी

अहो आई,

तुमचं फुलपात्र अजून घासलेलं नाही. तीन आठवडे होत आले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुमच्या तुळशीच्या कुंडीशेजारी ते तसंच ठेवलंय. तळाशी चहाचा तपकिरी गोल वाळून बसलाय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दर्शना, भांडं असं वाळवत ठेवतात का? लक्ष्मी रुसते." रुसू दे. मी पण रुसलेलीच आहे.

तुम्ही गेलात त्या सकाळी त्यात अर्धा चहा उरला होता. त्या चहाचं मी काय केलं ते तुम्हाला सांगायचंय. पण एकदम नाही सांगता येणार, आधी जपानचं सांगायला हवं. जपानमध्ये मी तुमच्याशी जे वागले, ते तीन वर्षं कुणाजवळ बोलले नाही. मिलिंदजवळही नाही. तुमच्याजवळ बोलायचं रोज ठरवायचे आणि रोज कणीक मळायला घ्यायचे.

मिलिंद तुमच्या अस्थी घेऊन पुण्याला गेलाय. इथे जर्मनीत अस्थी घरच्यांच्या हातात देतच नाहीत, ठाऊक आहे? आईची राख लेकाला मिळावी म्हणून किती अर्ज, किती शिक्के! शेवटी मिलिंद त्या कार्यालयात रडला, तेव्हा कुठे तिथली बाई जरा मऊ झाली. मला जाता आलं नाही. लेकीची, सईची शाळा आहे, आणि शाळा बुडवायची म्हणजे इथे जवळजवळ गुन्हाच. म्हणून बाड हॉम्बुर्गच्या या घरात सध्या आम्ही दोघीच आहोत. सकाळी मी अजून तीन माणसांचा चहा टाकते.

आपलं भांडण पहिल्या आठवड्यापासूनचं. रजिस्टर लग्न करून आम्ही कोथरूडच्या घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी मी आमटी केली. माझी आय अलिबागच्या बाजारात मासळी विकायची. आमच्या घरी कालवण उकळलं की डावच ओठाला लावायचा, मीठ बघायचं, आणि तोच डाव परत टोपात. मी तेच केलं. तुम्ही दारात उभ्या होतात. पातेलं उचलून ओट्याच्या कडेला ठेवलंत आणि शांतपणे दुसरी डाळ शिजत लावलीत. माझी आमटी मी आणि मिलिंदनं दोन दिवस खाल्ली. ओरडला असतात तर मीही ओरडले असते. कोळणीची पोर मी, घसा आम्हाला वारशात मिळतो. पण तुम्ही गप्प, म्हणून मी गप्प, आणि ते तसंच राहून गेलं.

मग ते फुलपात्र. तुमच्या आईनं लग्नात दिलेलं, पोटावर 'सौ. कमल' कोरलेलं. पाणी त्यातूनच, चहाही त्यातूनच. गरम लागलं की पदरात धरायचं. दुसऱ्या कुणी ते तोंडाला लावायचं नाही. मी म्हणायचे, हे सगळं मी कोळीण म्हणून. तुम्ही म्हणायचात, "माझा नियम सगळ्यांना सारखा." आणि सई दोन वर्षांची असताना तिनं चावून चावून लिबलिबीत केलेलं बिस्किट तुम्ही खुशाल तोंडात टाकलंत! मी म्हटलं, "आई, हे उष्टं नाही का?" तर म्हणालात, "अगं, घरच्या लेकराचं कुठे उष्टं असतं!" मग मी कुणाची, असं मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तेव्हाच काय तो सोक्षमोक्ष लागला असता.

बाबा गेल्यावर तुम्ही आमच्याकडे जर्मनीत आलात, तेव्हा तुमच्या बॅगेत चार लुगडी, पोथी, मेतकुटाची डबी आणि ते फुलपात्र. कुरपार्क नावाच्या इथल्या बागेत झऱ्याचं खारट औषधी पाणी प्यायला जातानाही तुम्ही ते पिशवीत घालून न्यायचात. तिथल्या म्हाताऱ्या बायका प्लास्टिकचे कप घेऊन उभ्या, आणि तुम्ही नळाखाली स्टीलचं फुलपात्र धरून. बेकरीवालीनं काही विचारलं की तुम्ही ठसक्यात म्हणायचात, "गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर!' ती काय विचारतेय ते कळायचं नाही, पण गेनाऊ म्हटलं की ती खूश व्हायची आणि पाव मिळायचा. मला तुमचा राग यायचा, आणि मी तुमचे किस्से ऑफिसात सांगून लोकांना हसवायचे. दोन्ही खरं आहे.

तीन वर्षांपूर्वी मिलिंदला कंपनीनं दोन आठवडे ओसाकाला पाठवलं. सईला ईस्टरची सुट्टी होती, म्हणून आपणही निघालो. त्याचं काम दिवसभर. त्यानं आपल्या तिघींचं दोन दिवसांचं बुकिंग केलं, डोंगरातल्या पाहुण्यांना उतरवून घेणाऱ्या एका जुन्या पद्धतीच्या घरात. जमिनीवर झोपायचं, गरम पाण्याच्या कुंडात न्हायचं, सकाळी चहाचा विधी. "आईला आणि तुला जरा एकत्र वेळ मिळेल," असं म्हणाला. तुमचा मुलगा इंजिनिअर आहे, माणसांची जोडणी कशी होते ते त्याला कुणी शिकवलेलं नाही.

तिथे पोचलो आणि तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत त्या घराच्या प्रेमात पडलात. चपला दारात. आत वेगळे स्लिपर. चटईवर तेही नाहीत. संडासात पुन्हा वेगळे! तुम्ही कमरेवर हात ठेवून मला म्हणालात, "बघ. यांच्यात आहे सोवळं. नाहीतर तुझी जर्मनी. बुटासकट थेट दिवाणखान्यात." जर्मनी माझी कधीपासून झाली कोण जाणे. मालकीणबाई तुमच्याच वयाच्या. तिथेही सून होतीच, इंग्रजी बोलणारी. सासूच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसून दार सरकवणारी. तुम्ही तिच्याकडे बोट न दाखवता बोट दाखवलंत. मला बरोबर कळलं.

संध्याकाळी जेवण. बुटक्या मेजावर बारा तरी इवल्या वाट्या. शाकाहारी हवं म्हणून मिलिंदनं दोनदा कळवलं होतं आणि त्यांनी मनापासून केलंही होतं. वाट्यांत मासा नव्हता, मांस नव्हतं. तुम्ही सार उचललंत, ओठापासून दोन बोटांवर आणलंत, आणि वाफ माझ्या नाकाशी आली. मी ओरडले, "आई, थांबा!" सई दचकली, ती सून धावत आली. "मासा आहे त्यात."

"कुठे दिसतोय?"

"दिसत नाही. पाण्यात उतरलाय. सुकवलेला मासा उकळून गाळून घेतलाय, आई. माझ्या नाकाला नका शिकवू."

सुनेला विचारलं, तर ती गोड हसून म्हणाली, हो, ते तर पाणीच, त्याशिवाय स्वयंपाक कसा होईल? तिच्या हिशेबी ते मांसाहारात मोडतच नव्हतं. मग मी एकेक वाटी नाकाशी नेऊ लागले. ही नको. ही चालेल. ही अजिबात नको. आयुष्यभर माझ्या माहेरच्या वासाला तुम्ही नाकं मुरडलीत, आणि त्या संध्याकाळी तुमचा सगळा धर्म माझ्या नाकावर येऊन टेकला होता. तुम्हालाही ते कळलं असावं. म्हणालात, "तुझं नाक कामाला आलं हो." एवढं कौतुक मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं. मी फुलले, खोटं कशाला सांगू.

पण भोपळ्याची एक वाटी होती. तिचा वास काही ठरेना. मी सहज म्हटलं, "थांबा, चाखून सांगते." तुम्ही वाटीवर हात ठेवलात. "नको. उष्टी करू नकोस. राहू दे ती." आणि पांढऱ्या भातावर मेतकूट घालून जेवलात. माझं नाक चाललं, जीभ नाही चालली. मी भोपळा खाल्ला नाही. अजूनही भोपळा केला की ती वाटी आठवते.

जेवणाआधी न्हायला गेलो होतो, ते सांगायचं राहिलंच. सगळ्या बायका एकत्र, अंगावर सूत नाही. मला वाटलं तुम्ही किंचाळाल, आणि दारात अडखळले ती मीच! तुम्ही लुगडं सोडून, घडी घालून, टोपलीत ठेवून चालू लागलात. "बायकाबायकांत कसली लाज? आमच्या वेळी बाळंतिणीला चौघीजणी न्हाऊ घालायच्या." पाण्यात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून अंग घासायचं असतं. शेजारच्या एका जपानी आजीनं तुम्हाला खुणेनं विचारलं आणि तुमची पाठ चोळायला घेतली. तुम्ही डोळे मिटलेत. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तुमच्या पाठीला कुणाचा हात लागल्याचं मला आठवेना. माझ्या हातातही साबण होता. मी माझीच कोपरं घासत बसले. परक्या बाईचा हात चालतो, पण मी विचारलं आणि माझा नाकारलात तर? ती भीती होती, दुसरं काही नाही.

आता सकाळ. आल्झो, इथले लोक म्हणतात तसं, तर मग, इथूनच खरं सांगायचंय.

चहाची खोली चार चटयांची. पाहुण्या चौघी: ओसाकाहून आलेल्या दोघी बहिणी, मी आणि तुम्ही. सईला कोपऱ्यात उशीवर बसवलं होतं, हातात गोडाचा तुकडा देऊन. सुनेनं सांगितलं, वयानं मोठ्या त्यांनी आत पहिल्या जागी बसायचं, त्या मुख्य पाहुण्या. मालकीणबाईंनी तुम्हाला दोन्ही हातांनी ती जागा दाखवली. तुम्ही म्हणालात, "छे छे, मी आपली इथे दाराजवळ बरी." त्यांनी पुन्हा विनवलं. तुम्ही पुन्हा नाही म्हणालात. तिसऱ्यांदा तर पदर सावरून दाराजवळ बसलातच. साठ वर्षं सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर दाराजवळ जेवायला बसलेली बाई तुम्ही, पहिल्या जागी बसायचं कसं हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. आणि मालकीणबाई तर नम्रतेला भुलणाऱ्याच. त्या आणि दोघी बहिणी वाकल्या आणि जागा ठरली.

मग सुनेनं रीत सांगितली. हा दाट चहा, एकच वाडगा. पहिलीनं तीन घोट घ्यायचे, जिथून प्यायलो तो काठ कागदानं पुसायचा, वाडगा फिरवायचा, पुढचीला द्यायचा. सगळ्याजणी एकाच जागेवरून. आणि शेवटची जी पाहुणी असेल, तिचा मान वेगळा. सगळ्यांचं उरलेलं तिनं संपवायचं, तळाशी काही ठेवायचं नाही, आणि रिकामा वाडगा परत द्यायचा.

मी ऐकत होते आणि मनात जागा मोजत होते. म्हणजे तुम्ही स्वतःच्या पायांनी चालत जाऊन अशा जागी बसला होतात, जिथे तिघींचं उष्टं तुमच्या वाट्याला येणार होतं. पहिल्या जागी बसला असतात तर तुमचं सोवळं शाबूत राहिलं असतं! हात दाखवून अवलक्षण, ते हे. मी तुमच्या कानाशी सगळं मराठीत सांगितलं, एक शब्द न गाळता. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. मी त्या सुनेला सांगू शकले असते, आमच्या आईंना चालत नाही, त्यांना वेगळा द्या. तिनं शंभरदा वाकून वेगळा दिला असता. मी सांगितलं नाही. मला बघायचं होतं तुम्ही काय करता.

दोघी बहिणी प्यायल्या. हळूच, पापण्या खाली घालून. प्रत्येकीनं काठ पुसला. वाडगा माझ्याकडे आला. आत हिरवंगार, पातळ पिठल्याइतकं दाट. मी तीन घोट घेतले. कडू, पण वाईट नाही. प्रत्येकीपुढे दोन पांढरे मऊ कागद ठेवले होते, एक गोडासाठी, एक काठासाठी. माझा कागद माझ्या गुडघ्याशी होता.

आई, मी विसरले नव्हते. हात कागदापर्यंत नेला आणि मागे घेतला. डोळ्यांपुढे भोपळ्याची वाटी होती, आणि तिच्या मागे ओट्याच्या कडेला ठेवलेलं आमटीचं पातेलं. मनात म्हटलं, नऊ वर्षं झाली, आता होऊन जाऊ दे. काठावर माझ्या ओठांचा हिरवा ओला डाग होता. वाडगा फिरवला आणि तो डाग तुमच्याकडे येईल असा तुमच्या हातात दिला. मुद्दाम. हे मुद्दाम केलं.

तुम्ही वाडगा डोळ्यांजवळ नेलात. मालकीणबाईंचं लक्ष होतंच. त्यांनी तुमच्यापुढच्या कागदाकडे हळूच हात केला. तुम्ही मान हलवलीत, तुमची ती नेहमीची, हो का नाही ते कळू न देणारी. माझी नजर वाडग्यावरून हलली नाही, तुमच्या हातांकडे मी बघितलंच नाही. आणि तुम्ही प्यायलात. थांबत थांबत, सगळा. शेवटचा घोट असा सुर्रकन ओढलात की सई खुदकन हसली. मालकीणबाईंनी चटईला कपाळ लावून तुम्हाला नमस्कार केला. तुम्हीही वाकलात.

आणि मला माझीच लाज वाटली. जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तुम्हाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन शरदात ठरलेलं. तुम्हाला तो डाग दिसला तरी असेल का? एका अर्धवट दिसणाऱ्या म्हातारीला मी फसवून उष्टं पाजलं, तिचा एकुलता एक नियम मोडला, आणि तो मोडलाय हे तिला माहीतही नाही. परतीच्या गाडीत मी विचारलं, "कसा होता चहा?" तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. चेरी फुलून झडून गेली होती, रुळांकडेला पाकळ्यांचा चिखल. "कडू," म्हणालात. "साखर नव्हती."

घरी आल्यावर काहीच बदललं नाही. फुलपात्र तुमचं ते तुमचंच. डाव मी कधी ओठाला लावला नाही, तुम्ही कधी विचारलं नाहीत. शरदात डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, या डोळ्यांनी यांना जिन्याच्या पायऱ्या तरी दिसत होत्या का? त्या दिवशी माझी खात्रीच पटली. तुम्हाला काही दिसलं नव्हतं. मी चोर आहे आणि ज्याचं चोरलं त्याला चोरीचा पत्ता नाही. रोज सकाळी तुम्ही पदरात फुलपात्र धरून बसायचात आणि मला ते दिसायचं.

मग या वर्षी तुमचं हृदय थकलं. उन्हाळ्यापासून तुम्हाला मीच न्हाऊ घालायला लागले. पहिल्या दिवशी तुम्ही बाथटबच्या कडेला बसून म्हणालात, "जोरात चोळ गं. तुझी आय मासे धुते तशी." मला हसू आलं आणि रडूही. तेव्हा मला कळलं की तुम्ही तिला 'आय' म्हणता, माझ्यासारखंच. एकदा तुमच्या पाठीवर साबण लावता लावता, तुमचं तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर करून म्हटलं, "आई, जपानमध्ये त्या चहाच्या वेळी मी..." तुम्ही मध्येच म्हणालात, "कडू होता. पाणी ओत, गार होतंय मला." मी पाणी ओतलं. तुम्हाला ऐकायचंच नव्हतं, की मला सांगू द्यायचं नव्हतं? मी त्यावर किती डोकं फोडलं असेल!

त्या मंगळवारी सई शाळेत, मिलिंद कामावर. तुम्ही खिडकीतल्या खुर्चीत. अर्धा चहा प्यायलात आणि म्हणालात, "बाकीचा नंतर घेते. शाल दे जरा." मी शाल आणायला गेले. कपाटातून काढली आणि आले, एवढाच वेळ. तुमचं डोकं तुळशीकडे कललं होतं. डॉक्टर आले, मिलिंद आला. दुपारी काळ्या सुटातली दोन माणसं तुम्हाला न्यायला आली. त्यांतला मोठा दारात आपल्या चपलांच्या रांगेकडे बघून थांबला. मग त्यानं वाकून बूट काढले, नुसत्या मोज्यांनी आत आला, आणि दुसऱ्यालाही काढायला लावले. तुम्ही म्हणाला असतात, आहे हो रीतभात यांना. गेनाऊ, आई.

गेल्या रविवारी मी तुमची पोथी उघडली. वाचायला नाही, नुसती हातात घ्यायला. मधोमध एक कागद निघाला. पांढरा, मऊ, चौघडी घातलेला, कुठे एक डाग नाही. मला उमगेना. सई वाकून बघून म्हणाली, "दास इस्ट डोख आउस यापान, मामा." जपानचा. चहाच्या खोलीतला. मग तिनं जर्मनमध्येच धडाधड सांगितलं: तू पुसलं नाहीस, मी पाहिलं होतं. आजीनं पण पाहिलं. तिनं कागद उचलला, घडी घातली, आणि कमरेला खोचला. मग प्यायली. गाडीत तू झोपलीस तेव्हा मी तिला विचारलं, तू पुसलं का नाहीस?

"मग? काय म्हणाली आजी?"

माझी लेक अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. पण हे तिनं मराठीत सांगितलं, तुमच्या सुरात, तुमच्यासारखी हनुवटी वर करून. "घरच्या माणसाचं कुठे उष्टं असतं? आणि तुझ्या मम्मीला सांगू नकोस हो, माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटेल."

मिऱ्या वाटल्याच असत्या मी! का नाही वाटणार? बारा वर्षं वाट बघितली मी त्या एका वाक्याची, आणि तुम्ही ते माझ्याऐवजी एका आठ वर्षांच्या पोरीला सांगून टाकलंत, वर तिला गप्प बसवलंत! तीन वर्षं मी चोरासारखी वावरले, आणि तुम्ही रोज माझ्यासमोर पदरात फुलपात्र धरून बसायचात, सगळं ठाऊक असून. कसल्या हट्टी बाई होतात तुम्ही. सांगितलं असतंत तर तुमचं काय जात होतं? मी त्या पोथीवर डोकं ठेवून इतकी रडले की सईनं खालच्या मजल्यावरच्या आजींना बोलावून आणलं. त्या केक घेऊन आल्या. आम्ही तिघींनी खाल्ला.

रागावले आहे मी. आणि तुम्ही हे म्हटलं होतंत, म्हणून रोज सकाळी मला जरा सहज उठवतं. हेही खरं आहे.

आता तो चहा.

त्या मंगळवारी त्या दोघांनी तुम्हाला नेलं, मिलिंद त्यांच्याबरोबर गेला, आणि सई यायला अजून तास होता. घरात मी एकटी. खिडकीत फुलपात्र. तेव्हा मला कागदाचं काही ठाऊक नव्हतं, तुम्ही कुणाला काय म्हणालात ते ठाऊक नव्हतं. मी ते उचललं, ओतून टाकायला सिंकपाशी नेलं. आणि ओतवेना. तुम्ही म्हणाला होतात, नंतर घेते.

तुम्ही काहीही म्हणा, पण या घरात त्या दिवशी शेवटची उरलेली पाहुणी मी होते. मी खुर्चीत बसले, दाराजवळच्या. फुलपात्र पदरात धरायचं तर साडी नव्हती, तुमची शाल होती. चहा गार झाला होता, वर साय आली होती, आणि साखर! डॉक्टरांनी बंद केली होती ना साखर? मी तुम्हाला बिनसाखरेचा दिला होता. म्हणजे शाळेला जाताना सईनं गुपचूप घातली. तुमची आणि तिची आणखी किती गुपितं आहेत, देव जाणे.

शेवटचा घोट मी सुर्रकन ओढला. तळाशी काही ठेवलं नाही. काठ नाही पुसला, आई.

चला, आता घासायला घेते.

तुमची,
दर्शना